पलंगाखालचा कांदा आणि वहीतला औषधाचा रकाना

मे महिना लागला की आमच्या पलंगाखाली कांदा येतो. आधी पलंग ओढायचा, फरशी कोरडी पुसायची, दिवसभर पंखा लावून ओल पार जाऊ द्यायची, मग रिकामी गोणपाटं अंथरून त्यांवर कांदा एका थरात पसरायचा. कोपरखैरणेतल्या आमच्या घरात त्याला दुसरी जागा नाही. 2003 साली लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात हे पाहिलं आणि माहेरी फोन करून आईला सांगितलं होतं की इथे माणसं वर झोपतात आणि कांदा खाली. आता ते पसरणं, चाळणं, निवडणं माझ्याकडे आहे.

आमचं घर माथाड्याचं. सासरे, म्हणजे मामा, पाटण तालुक्यातून मुंबईला आले, गोण्या उचलू लागले आणि बाजार वाशीला आला तसे त्याच्या मागोमाग इकडे आले. त्यांचाच बिल्ला आता आमच्या ह्यांच्याकडे आहे. 1969 चा माथाडी कायदा झाला म्हणून मजुरी मंडळामार्फत मिळते, फंड कापला जातो, म्हातारपणी हातात काही पडतं. भिंतीवर माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांचा फोटो आहे आणि त्याला हार घातल्याशिवाय आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, दसरा होत नाही. पण मजुरी शेवटी आवकेवर. कांदा-बटाट्याच्या गाड्या जास्त आल्या तर महिना बरा, आवक तुटली किंवा बाजार बंद राहिला तर टोळीतल्या सगळ्यांचाच महिना आखडता. ठरलेला पगार येणाऱ्या घरात काटकसर जशी करतात तशी आमच्याकडे करून चालत नाही. चांगल्या महिन्यात वाईट महिन्याची सोय करावी लागते, आणि वाईट महिना कधी येणार हे कोणी सांगत नाही.

मी बी.कॉम. झालेय आणि आसपासच्या दोन सोसायट्यांचे हिशेब लिहिते. घरची वहीही मीच लिहिते. लांब आडवी, लाल पुठ्ठ्याची, दर पाडव्याला नवी.

आधी कांद्याचं सांगते, कारण ते मला मामांनी शिकवलं आणि ते आता नाहीत.

बाजारात मेमध्ये येतो तो उन्हाळी कांदा, रब्बीचा. तोच टिकतो. पावसाळी पिकाचा, दिवाळीच्या सुमाराला येणारा लाल कांदा दिसायला चांगला असतो, पण त्याच्यात पाणी जास्त, तो पंधरा-वीस दिवसांच्या वर ठेवू नये. मामा म्हणायचे, "मान बघायची, पोरी. बारीक मान टिकती, जाड मान सडती." मान म्हणजे कांद्याचा वरचा देठ. जिथून पात कापलेली असते ती जागा सुकून बारीक झालेली हवी. अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागली तर तो कांदा आधी संपवायचा. ज्याला फुलाचा दांडा येऊन गेला तो डेंगळा, तोही ठेवायचा नाही. जोड कांदा लवकर खराब होतो. वरची पत्ती कागदासारखी वाजली पाहिजे.

गोणी पन्नास किलोची. एका घराला ती जास्त होते, म्हणून आम्ही ओळीतली चार घरं मिळून दोन गोण्या घेतो आणि अंगणात ओतून वाटतो. मोठा, मधला आणि गोल्टी असा मिसळून प्रत्येकीच्या वाट्याला येईल हे बघतो, नाहीतर पुढे वर्षभर बोलणी होतात. हातगाडीवरच्या भावापेक्षा किलोमागे आठ-दहा रुपये वाचतात. मोठी बचत मात्र पुढे जुलै-ऑगस्टमध्ये, भाव चढल्यावर होते. आमच्या दमट हवेत कांदा नाशिककडच्या कांदाचाळीतल्यासारखा दिवाळीपर्यंत राहत नाही. गणपतीपर्यंत पोचला तरी मी समाधानी असते. पाऊस सुरू झाला की आठवड्यातून दोनदा सगळा कांदा हाताखालून काढायचा. एक सडका कांदा शेजारच्या चारांना ओल लावतो. आणि बटाटा त्याच्याजवळ ठेवायचा नाही, दोघांचंही नुकसान होतं. बटाटा ओट्याखाली अंधारात, कांदा पलंगाखाली वाऱ्यावर. बटाट्याला उजेड लागला तर हिरवा पडतो आणि तो हिरवा भाग खाऊ नये, एवढं मी नव्या सुनांना आवर्जून सांगते, कारण पैसे वाचवायच्या नादात तोही चिरून घालणाऱ्या मी पाहिल्यात.

धान्याचंही असंच. शाळू आणि गहू उन्हाळ्यात वर्षाचा भरायचा, तांदूळ गावाकडून येतो. गच्चीवर दोन कडक उन्हं द्यायची. इथे एक चूक बहुतेकजणी करतात. ऊन दिलेलं धान्य गरम असतानाच डब्यात भरतात. आत घाम सुटतो आणि पावसाळ्यात टोके पडतात. संध्याकाळी खाली आणून रात्रभर चादरीवर थंड होऊ द्यायचं आणि सकाळी भरायचं. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थराथरात घालायचा. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा, किलोला चहाच्या चमच्याएवढा, तळहातावर घेऊन चोळत. मी पहिल्या वर्षी आठ किलो गहू गरम भरला होता. ऑगस्टमध्ये डबा उघडला तेव्हा गहू कमी आणि भुगा जास्त. आत्या काही बोलल्या नाहीत, चाळणी घेऊन माझ्याशेजारी बसल्या.

गावाचा तांदूळ आणणं मध्ये परवडेनासं झालं होतं. दोघी-तिघी जाऊन-येऊन जेवढं भाडं होई तेवढ्यात इथेच चांगला तांदूळ मिळायचा, हे मी वहीत मांडून दाखवलं होतं आणि आत्या त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी तो हिशेबाचा तांदूळ नव्हता. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि पंचाहत्तरी ओलांडल्यावर आत्यांचा प्रवास फुकट. आता आम्ही दोघी वर्षातून दोनदा जातो, येताना तांदूळ, नाचणी आणि थोडे कडवे वाल. वहीतही बसतं आणि त्याही जेवतात.

कांदा-लसूण मसाला मेमध्येच. मिरची मसाला मार्केटमधून, रंगाला बेडगी आणि तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. घरी निवडून, देठं काढून, भाजून डंकावर कुटून आणते. चार घरांची मिरची एकत्र घेतली तर भाव बरा लागतो. यावर लिहायला बसले तर वेगळाच लेख होईल, त्यामुळे इथे थांबते.

विजेचं बिल हे मला खूप दिवस न समजलेलं प्रकरण होतं. सोसायटीच्या हिशेबात बिलं हाताळायला लागले तेव्हा नीट वाचलं. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटांचे टप्पे असतात: 100 पर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. आमच्या ओळीत सगळ्यांना वाटायचं की 101 वं युनिट झालं की सगळीच युनिटं वरच्या दराने मोजतात. तसं नाही. पहिली शंभर पहिल्याच दराने, फक्त वरची वरच्या दराने. म्हणजे आपण जी युनिटं वाचवतो ती नेहमी आपल्या बिलातली सगळ्यात महाग युनिटं असतात. शिवाय त्या रकमेवर 16 टक्के वीज शुल्क असतं, तेही तेवढंच उतरतं. हे कळल्यावर मला वाचवायला हुरूप आला.

आमच्याकडे पंखा जास्त चालतो. हे मध्यरात्रीनंतर बाजारात जातात, दुपारी येऊन झोपतात, त्यामुळे दिवसाही पंखा बंद होत नाही. दोन पंखे, प्रत्येकी साधारण 18 तास. जुना पंखा 75 वॅटचा. 75 गुणिले 18 म्हणजे 1350, म्हणजे दिवसाला 1.35 युनिट. नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा 30 वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे 0.54 युनिट. एका पंख्यामागे महिन्याला 24 युनिटं आणि दोघांची मिळून 48. आधी आमचं बिल 240-250 युनिटांचं यायचं, आता 195 च्या आगेमागे येतं. त्या पंख्याची किंमत साध्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून दोन्ही एकदम घेतले नाहीत. पहिला दिवाळीत घेतला, त्याने वाचवलेले पैसे वेगळ्या डब्यात टाकत गेले आणि त्यात थोडी भर घालून पुढच्या उन्हाळ्यात दुसरा. बसवताना जुना रेग्युलेटर मधून काढायला सांगा. आमच्या पहिल्या वेळी तो तसाच राहिला होता आणि पंखा गुरगुरायचा.

फ्रिजच्या दाराच्या रबरात कागदाचा कपटा अडकवून ओढून बघा. सहज सुटला तर रबर सैल आहे, गारवा बाहेर जातोय. आमचं नुसतं घाण झालं होतं. कोमट साबणाच्या पाण्याने पुसल्यावर पुन्हा घट्ट बसलं.

गॅसला आमच्याकडे अजून सिलिंडर. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो, आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे, आणि वजन करून मागायचा आपल्याला हक्क आहे. हे मी वाचून शिकले, पण ह्यांना ते हाताने कळतं. एकदा सिलिंडर आत घेताना उचलताक्षणी म्हणाले, "हा हलका आहे." आणणारा मुलगा हसला. समोरच्या भंगारवाल्याकडून काटा आणला, किलोभर कमी भरला. त्या मुलाने मुकाट्याने दुसरा दिला. ज्यांच्या घरी आयुष्यभर वजनं उचललेला माणूस नाही त्यांनी काटाच वापरावा.

सिलिंडर लावला की मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेला गोल करते. पूर्वी 38 दिवस जायचा, आता 46-47. डाळ अर्धा तास आणि तांदूळ वीस मिनिटं भिजवून मगच कुकर. डाळ, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये तीन भांड्यांत. पहिली शिट्टी झाली की आच बारीक, कारण आतलं पाणी उकळीला आल्यावर मोठ्या आचेने अन्न लवकर शिजत नाही, नुसती वाफ उडते. ज्योत पिवळी दिसली, भांडी काळी पडू लागली, की बर्नरची भोकं सुईने साफ करायची वेळ झाली. भाकरी एकाच वेळी थापायच्या, सकाळ-संध्याकाळ तवा दोनदा तापवायचा नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

2019 च्या पावसाळ्यात एका सकाळी आत्या ओट्यापाशी उभ्या होत्या आणि खाली बसल्या. बसल्या म्हणजे पाय गेल्यासारख्या. तोंड वाकडं झालं नव्हतं, पण बोलणं तुटक येत होतं. रिक्षात घालून नेलं. रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा मोजला. दोन रात्री ठेवलं. बिल 31 हजार झालं, भिशीचे पैसे त्यात गेले, ते गेल्याचं मला काही नाही. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेतात ना?" मी लगेच म्हणाले, हो, रोज. मला तशी खात्रीच होती. औषधं तर मीच आणायची.

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर सवयीने वही उघडली, खर्च लिहायला. औषधाच्या रकान्यात मागची पानं चाळली. त्या गोळीची पट्टी 15 गोळ्यांची. महिन्याला दोन पट्ट्या लागायला हव्यात. माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात, सात महिने एकेकच पट्टी लिहिलेली होती.

आत्या मला पट्टी संपल्याचं सांगायच्या तेव्हा मी आणायचे. त्या महिन्यातून एकदाच सांगत होत्या. एक दिवसाआड गोळी घेत होत्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "अगं, बरं वाटत होतं. रोज कशाला उगाच. तेवढंच दोन पैसं वाचत्यात." त्या वर्षी बाजारात आवक कमी होती, थोरल्याची दहावी होती, क्लासची फी होती. त्यांनी कोणालाही न सांगता स्वतःच्या वाट्याला आलेली काटकसर स्वतःच ठरवली होती.

आणि मला जे सहन होत नाही ते हे की डिसेंबरच्या पानाखाली मी पेन्सिलने लिहिलं होतं: "औषध खर्च निम्म्यावर. छान." ते पान मी फाडलेलं नाही.

हिशेब लिहिणारीला खर्च वाढला की कारण शोधायची सवय असते. कमी झाला की कारण शोधत नाही, शाबासकी देते. सोसायटीच्या वहीत मी दोन्ही तपासते. लिफ्टच्या देखभालीचा खर्च अचानक निम्मा दिसला तर मी विचारते, यंदा सर्व्हिसिंग झालंच नाही का. घरच्या वहीत मला तेवढं सुचलं नाही.

मग त्या रात्री मी बाकीचे रकाने त्या नजरेने वाचले. दंतवैद्य: दोन वर्षं शून्य, आणि माझी उजवी दाढ मी दोन वर्षं डाव्या बाजूने जेवून सांभाळत होते. ह्यांच्या कमरेचा पट्टा: 2015 नंतर घेतलाच नाही, जुना पट्टा सैल होऊन त्याचा काही आधार राहिला नव्हता, आणि हा माणूस रोज पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर घेत होता. आत्यांचा चष्मा: माझ्या लग्नानंतर एकदाच. दूध: धाकटीसाठी आणायचो त्यात आत्या चहाही घेत नव्हत्या, कोरा पीत होत्या. प्रत्येक ठिकाणी खर्च कमी होता आणि प्रत्येक ठिकाणी कोणाचं तरी अंग झिजत होतं. यातलं बरंचसं आम्हा दोघी बायकांच्या वाट्याचं होतं. शिळी भाकरी कोणाच्या ताटात जायची, हेही मग आठवलं.

त्या पाडव्याला नव्या वहीत मी रकान्यांच्या डोक्यावर दोन रंग वापरले. निळे रकाने कमी करायचे: वीज, गॅस, भाजी, कपडे, बाहेरचं खाणं, रिक्षा. लाल रकाने कमी झाले तर चौकशी करायची: औषध, दात, चष्मा, दूध, पट्टा, पायातलं. लाल रकान्यात किमान किती खर्च व्हायलाच हवा तो आकडा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवते. आत्यांच्या गोळ्या: वर्षाच्या 365, म्हणजे पट्ट्या 25. पंचवीसपेक्षा कमी पट्ट्या आल्या तर काहीतरी बिनसलंय.

औषधात बचत होत नाही असं मात्र नाही. ती गोळ्या कमी घेऊन करायची नसते एवढंच. आत्यांच्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं की जनऔषधी केंद्रातलं चालेल का. त्यांनी चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून दिली: टेल्मिसार्टन, 40 मिलिग्रॅम. तेच औषध, तीच मात्रा, आणि पैसे आधीच्या तुलनेत फारच कमी. पहिला महिना घरी रक्तदाब मोजून आकडे डॉक्टरांना दाखवले, ठीक होते. आता रोजची गोळी आधीच्या दिवसाआडच्या गोळीपेक्षा स्वस्त पडते. सात महिने आधी कोणी सांगितलं असतं तर, असं मनात येतं. आमच्या ओळीतल्या नऊ घरांत म्हातारी माणसं आहेत. नऊही घरांत जाऊन मी पट्ट्या मोजल्या. किती घरांत हिशेब जुळला नाही ते इथे लिहिणार नाही, ती त्यांची घरं. तुमच्या घरात रक्तदाबाची, साखरेची, थायरॉईडची गोळी घेणारं कोणी असेल तर आज संध्याकाळी पट्टी हातात घ्या, आणल्याची तारीख आठवा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. विचारू नका, मोजा. विचारल्यावर सगळ्या "रोज घेते" म्हणतात.

शिळ्या भाकरीचं असं ठरवलं की उरली तर सकाळी सगळ्यांचाच नाश्ता तिचा. कुस्करून, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वर ताकाचा हबका. थोरला कामावर जाताना खाऊन जातो, धाकटी कुरकुरते आणि खाते. एकट्या बाईच्या ताटात ती जात नाही. यात काही पैसे वाचत नाहीत. तेवढ्याच भाकऱ्या, तेवढंच तेल.

थोरला आता ठाण्याला नोकरीला जातो, कोपरखैरणे ते ठाणे, ट्रान्स हार्बरची गाडी. तो दर महिन्याला पास काढायचा. रेल्वेचा तिमाही पास मासिकाच्या 2.7 पट असतो, म्हणजे तीन महिन्यांत जवळजवळ नऊ दिवसांचं भाडं वाचतं. सहामाही 5.4 पट आणि वार्षिक 10.8, म्हणजे प्रमाण तेच. म्हणून एकदम वर्षाचे पैसे अडकवायची गरज नाही, तिमाहीत सगळा फायदा मिळतो. हे मी त्याला कागदावर मांडून दिलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्या वहीत रस घेतला.

बचत ठेवते कुठे, हे बायका हमखास विचारतात. आमची भिशी दहा जणींची, महिना दोन हजार, जून ते मार्च. सगळ्या याच ओळीतल्या. ओळीबाहेरच्या भिशीत एकदा हात पोळलेत. पैसे जमवणारी घर सोडून गेली आणि आम्हा सहा जणींचे नंबर बाकी होते. तेव्हापासून ज्या दारात सकाळ-संध्याकाळ उभी राहू शकते त्याच दारात मी पैसे देते. चिठ्ठ्या टाकून नंबर लागतात, पण मी शेवटचा, मार्चचा मागून घेते. तो कोणालाच नको असतो, सगळ्यांना पैसे लवकर हवे असतात. मला मार्चचाच हवा, कारण वीस हजार हातात येतात आणि 1 ते 4 एप्रिलच्या दरम्यान धाकटीच्या सुकन्या समृद्धी खात्यात भरता येतात. त्या खात्यात महिन्याचं व्याज 5 तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात. एप्रिलच्या पाच तारखेच्या आत भरलेल्या पैशांना पूर्ण बारा महिन्यांचं व्याज मिळतं, सहा तारखेला भरले तर अकराचं. 2015 मध्ये ही योजना सुरू झाली त्याच वर्षी खातं काढलं, ती पाच वर्षांची होती. भरायचं पंधरा वर्षं, 2030 पर्यंत. एका वर्षी त्यात कमीत कमी हप्त्याचे 250 रुपयेच भरले, कारण त्याआधीची भिशी आत्यांच्या त्या दोन रात्रींत गेली. धाकटीला ते माहीत आहे. पासबुकातली ती ओळ तिने आजीला वाचून दाखवली, आणि आजी म्हणाली, "माझ्या गोळीचं व्याज भरलं बाई तू."

मला सुचत नाही म्हणून नाही, पण काही गोष्टी मी मुद्दाम करत नाही. तळलेलं तेल पुन्हा-पुन्हा तापवत नाही. "एकावर एक फुकट" असलेलं काही आणत नाही, पहिलंच लागणार नसेल तर. मोठ्या दुकानात महिन्यातून एकदाच, यादी घेऊन, आणि पोट भरून जाते. मुलांच्या वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून घेते, पण धाकटीने सांगितलं की वर्गात अशी वही फक्त तिचीच असते, तेव्हापासून त्या वह्या मी हिशेबाच्या कच्च्या कामाला वापरते, तिला नवी देते. तिच्या वहीचा रकानाही लाल केलाय.

यंदा फेब्रुवारीत आत्यांचा नवा चष्मा झाला. दोन वर्षांतून एकदा तपासणी, ठरल्याप्रमाणे. त्या आधी म्हणाल्याच, "जुना बरा आहे, अजून दिसतंय." मी वहीचं पान उघडून दाखवलं, चष्म्याच्या रकान्यात रक्कम आधीच लिहिलेली होती. लिहिलंय म्हटल्यावर त्या आल्या. लिहिलेल्याला त्या फार मानतात.

परवाच्या रविवारी पलंग ओढून आम्ही दोघी कांदा चाळायला बसलो. माझा अर्धा भाग करून झाला होता, बाजूला सारला होता. आत्यांनी चष्मा नाकावर नीट केला, माझ्याच ढिगात हात घातला, एकेक कांदा उजेडाकडे धरून फिरवला आणि तीन बाजूला काढले. तिघांच्याही मानेशी बोटाच्या टोकाएवढी ओल होती. मला दिसली नव्हती.

दोन कांद्यांचा बराच भाग चांगला निघाला. तो दुपारच्या पिठल्यात चिरला.